लिव्हरवर काविळीचं औषध

"कॅन्सर लिव्हरमध्ये गेलाय," कोल्हापूरच्या डॉक्टरांनी सांगितलं. आण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या आतड्याचं ऑपरेशन होऊन वर्ष झालं होतं. स्कॅनमध्ये लिव्हर मेटास्टेसिस दिसले. म्हणजे आतड्यातल्या कॅन्सरच्या पेशी रक्तातून लिव्हरमध्ये जाऊन तिथं वाढल्या होत्या. तीन गाठी, दोन्ही बाजूंना.

मला वाटलं, संपलं. डॉक्टरांनी कागदावर लिव्हरचं चित्र काढून त्यात तीन ठिपके दिले. "अख्खी बाजू काढायची नाही. गाठ आणि भोवतीचा थोडा भाग, एवढंच." याला पॅरेन्कायमा स्पेअरिंग सर्जरी म्हणतात. चांगलं लिव्हर जास्तीत जास्त राखायचं. पुन्हा गाठ आली, तर पुन्हा काढता येण्याची शक्यता राहते.

आण्णा कबनूरला यंत्रमागावर कामाला आहेत. ते म्हणाले, "म्हंजे सुताच्या तुटलेल्या तारा तेवढ्याच बघायच्या. सूत गुंडाळलेला अख्खा बीम उतरायचा न्हाय."

"तसंच," डॉक्टर म्हणाले. तारीख तीन आठवड्यांनंतरची मिळाली. तोवर नीट खाऊन वजन राखायला सांगितलं.

आमच्याकडे लिव्हर म्हटलं की कावीळच आठवते. थोरली आत्या म्हणाली, "काविळीचं औषध घे की. कापायच्या आधी लिव्हर धुऊन निघतंय." जवळच्या एका गावात रविवारी उपाशीपोटी पाला वाटून देतात. पथ्य कडक, तेल, मीठ, दूध बंद. ही कावीळ नाही हे मला कळत होतं. बी.एस्सी.ला आहे मी, घरात कॉलेजला गेलेली पहिलीच. पण मला कॉलेजला घालायला आत्याच भांडली होती. मी गप्प बसले.

आण्णांनी दोन रविवार पाला घेतला. ऑपरेशनआधीच्या तपासणीत लिव्हर एन्झाइम्स वाढलेले निघाले, म्हणजे लिव्हरला इजा होत होती. वजनही उतरलं होतं.

"बाहेरचं काही घेतलं?" डॉक्टरांनी विचारलं.

"न्हाय की," आण्णा म्हणाले.

मग मी सांगितलं.

डॉक्टर रागावले नाहीत. पाला आणि पथ्य बंद करायला सांगून ऑपरेशन तीन आठवडे पुढं ढकललं. तेवढ्यात गाठी वाढल्या तर कदाचित करता येणार नाही, हेही त्यांनी सांगितलं.

आत्या रोज उकडलेली अंडी आणायची. आण्णा म्हणायचे, "आता अंड्यानं धू लिव्हर."

"खा गप," ती म्हणायची.

एन्झाइम्स उतरले, आणि दुसऱ्या स्कॅनमध्ये गाठी तेवढ्याच होत्या. ऑपरेशनला पाच तास लागले. पुढं रिपोर्ट आला, मार्जिन निगेटिव्ह, म्हणजे कापलेल्या कडेला कॅन्सर नाही. डॉक्टरांचे आणि वॉर्डातल्या सिस्टरांचे आभार कसे मानायचे ते मला अजून कळलेलं नाही. दर तीन महिन्यांनी तपासणी चालू आहे.

तुमच्या घरात असं आजारपण आलं, तर कुणी काहीही सुचवू दे, आधी डॉक्टरांना विचारा. आत्याला मी दोष देत नाही. तिला माहीत नव्हतं. मला माहीत होतं.