सकाळच्या पाळीतलं पेट्रोल

माझ्याइतका पुराव्यानिशी गाढवपणा लातुरात आजवर कुणी केला नसेल. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, मध्येच हसलात तर मी भांडेन!

वार्ताहर म्हणून माझी हयात लोकांची भेसळ उघडी पाडण्यात गेली. दुधातली, खतातली, रस्त्याच्या डांबरातलीसुद्धा. अशा माणसानं गेल्या वर्षी एक जुनी मॉरिस मायनर घरी आणली. विलायती गाडी, वयानं माझ्याहून थोरली. तिचा कार्ब्युरेटर मी स्वतः खोलला, माझ्याच छापून आलेल्या बातम्यांवर मांडला. जेट बदलला, सुई नवी बसवली. वर एक काळी टोपी असते, तिच्याखाली थोडं तेल भरायचं, म्हणजे आतला पिस्टन सावकाश वर सरकतो आणि इंजिनला दमानं पेट्रोल मिळतं. भरलं.

जब्बारभाई मिस्त्रींनी कान लावून स्क्रू फिरवला. "साब, अब घड़ी के माफिक चलती देखो!"

दिवाळीत चाललीही. डिसेंबर लागला आणि बाईसाहेब बिघडल्या!

पण कधी? फक्त सकाळी! टाकीचा काटा मेलेला, म्हणून मी रोज घरासमोरच्या पंपावर दोन लिटर टाकायचो. सकाळी टाकलं की गाडी खोकणार, गचके देणार. चार-पाच किलोमीटरनंतर सुधारणार. दुपारी टाकलं तर पहिल्यापासून गुळगुळीत. आता तुम्हीच सांगा, कुणाही शहाण्या माणसानं काय समजावं?

मी समजलो: सकाळची पाळी भेसळ करते!

त्या पाळीला सुनंदाबाई असायच्या. मी आठ दिवस वहीत नोंदी केल्या आणि पुरवठा निरीक्षकांकडे लेखी तक्रार ठोकली. मॅनेजरची पाचावर धारण बसली. तो म्हणाला, "सुनंदाबाई, काही निघालं तर उद्यापासून येऊ नका."

बाई तडक माझ्यासमोर उभ्या. "भाऊ, मी नळी धरते, टाकीत उतरत न्हाई. लेकीचं कॉलेज चालू हाय माझ्या. माझ्या पोटावर कामून पाय देता?"

"सत्य बाहेर येईल!" मी गरजलो.

सकाळी सातला निरीक्षक मफलर गुंडाळून पंपावर आले. बघ्यांची गर्दी झाली. त्यांनी फिल्टर पेपरवर थेंब टाकला. डाग नाही. घनता मोजली. बरोबर!

"ते कागद जाऊ द्या, गाडी खोटं बोलत नाही!" म्हणत मी चावी फिरवली, ॲक्सिलरेटर दाबला. फट्! काळा धूर! पुढची रांग खोकत मागे सरली.

"बघा!" मी छाती काढून म्हणालो.

साक्षीला मीच बोलावलेले जब्बारभाई पुढे झाले. बॉनेट उचललं, काळी टोपी फिरवून ओढली. तिच्या दांडीला लोण्यासारखं पांढरं काहीतरी लगडून आलं.

"साब... कौनसा तेल डाले थे?"

सुनंदाबाईंनी बोट लावून वास घेतला.

"अगं बया! हे तर खोबरेल! भाऊ, थंडीत गोठतंय की हे! आमच्याकडं बाटली उन्हात ठेवल्याबिगर लेकीची वेणी होत न्हाई!"

काय करणार? शिलाई मशीनचं तेल घरात संपलं होतं. म्हटलं, तेल ते तेल! इंजिन तापलं की ते वितळायचं, दुपारी तर गोठायचंच नाही. माझ्या वहीतली नोंद न् नोंद खरी होती, फक्त गुन्हेगार चुकला होता.

मी हात जोडले. मॅनेजर म्हणाला, "बाई, तुमची पाळी पक्की."

"तोंडी नको," बाई ठाम. "कागदावर घ्या. उद्या परत कुणी उठंल."

निरीक्षकांनी गाडीच्या टपावरच पंचनामा लिहिला: पेट्रोल शुद्ध. भेसळ तक्रारदाराच्या कार्ब्युरेटरमध्ये. नमुना, गोठलेले खोबरेल, दोन चमचे.

"करा सही," ते म्हणाले.

केली. माझ्या तक्रारीवरून भेसळ करणारा जागच्या जागी सापडला आणि त्यानं मुकाट्यानं गुन्हा कबूल केला, असं माझ्या उभ्या नोकरीतलं हे एकमेव प्रकरण!