मिस्त्रींचं सगळ्यात वाकडं काम

मिस्त्रींच्या मुलाचा, सलीमचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत बसले होते. "बाई, अब्बा नाही राहिले," तो म्हणाला. सकाळी एक कप चहा घेतला, दुसरा मागितला, आणि तो येईपर्यंत खाटेवर टेकल्या टेकल्याच... एवढंच. मेहबूब मिस्त्रींनी ठरलेल्या तारखेला कधी काम सुरू केलं नाही, पण एकदा सुरू केल्यावर कधी रेंगाळलेही नाहीत. जातानाही तसंच केलं. फोन ठेवायच्या आधी सलीम म्हणाला, "कालच सांगत होते, पाऊस लागला की बाईला घेऊन ओढ्यावर जा, चौथा दगड हलला का तेवढं बघा." मला रडू यायच्या आधी हसू आलं. आता त्या गोष्टीला काही आठवडे झाले आहेत आणि अजूनही त्यांची आठवण आली की आधी हसूच येतं, त्याला मी काही करू शकत नाही.

बावीस वर्षांपूर्वी शहरातलं, गारखेड्यातलं आमचं घर त्यांनी बांधलं. त्यांचं गाव पिशोरच्या पुढं, डोंगराच्या कडेला. माझ्या सासरची शेतीही तिथलीच, म्हणून ओळख. खिशात भिंत सरळ आहे का ते जोखायचा ओळंबा, हातात थापी आणि तोंडात बाकीच्या मिस्त्र्यांची निंदा, असे ते सकाळी नऊला यायचे. त्यांची घोटाई पंचक्रोशीत नावाजलेली होती. सिमेंट असं गुळगुळीत करायचे की भिंतीवर माशी बसायला कचरेल. आमच्या मागच्या दाराच्या तीन पायऱ्याही त्यांनी अशाच घोटल्या, आणि राहायला आलो त्याच आठवड्यात मी धुण्याच्या बादलीसकट त्यावरून घसरले. मी म्हटलं, "मिस्त्री, याच्यावर टाकीनं चार टाचे मारा, जरा खरबरीत करा." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांच्या लेकराच्या गालावर ओरखडे काढायला सांगितले होते. "बाई, घोटाईवर टाचे? नक्को. मेरे हात से नहीं होगा. तुम्ही पाय नीट टाकत जा." झालं. त्यानंतर वीस-बावीस वर्षं मी भिंतीला धरून पाय नीट टाकत आले. दर वर्षी एकदा ही मागणी व्हायची आणि दर वर्षी ती फेटाळली जायची.

गावच्या ओढ्यावरचा सिमेंटचा बंधाराही त्यांच्याच हातचा. छातीइतकी उंच भिंत, खालच्या बाजूला सरळ कडा, आणि अर्थातच घोटलेली. विहिरींना पाणी आलं, आमच्याही आलं, मी खोटं कशाला बोलू. पुढं यंत्र लावून ओढा खोल आणि सरळ केला, तेव्हा तर सगळ्यांनी पेढे खाल्ले. काठावरचे करंज गेले, निरगुडी गेली, तळाची वाळू-गोटे गेले, ओढ्याचं गटार झालं, हे तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही. मी कॉलेजात तीस वर्षं जीवशास्त्र शिकवलं. माझ्याही आलं नाही.

लक्षात आलं ते गयाबाईच्या. गयाबाई भोई त्या ओढ्यातले मासे धरून पिशोरच्या बाजारात विकायची. पावसात ओढ्याला पूर येऊन गेला की बोटभर चंदेरी मासे प्रवाहाच्या उलटे वर चढतात, डोंगराजवळच्या गोट्यांत अंडी घालायला. त्यांना चढणीचे मासे म्हणतात. गयाबाईच्या घरचा नियम असा की चढणीचे पहिले तीन दिवस जाळं टाकायचं नाही. एकदा मिस्त्री बंधाऱ्यावर कौतुकानं हात फिरवत उभे असताना ती येऊन म्हणाली, "मिस्त्रीभाऊ, काम लई देखणं केलं. पर ती पोटुशी लेक बाळंतपणाला म्हायेरी निघाली, अन् तुमी तिच्या वाटंत भित घातली. पाच वर्सं झाली, वर एक मासा न्हाई." मिस्त्रींच्या कामाला उभ्या आयुष्यात कुणी नावं ठेवली नव्हती. त्यात त्यांची धाकटी लेक शबाना त्याच महिन्यात बाळंतपणाला घरी आलेली. ते दोन दिवस कामावर गेले नाहीत, असं त्यांच्या बायकोनं, भाभींनी मला नंतर सांगितलं. तिसऱ्या दिवशी ते गारखेड्यात माझ्या दारात हजर. "बाई, तुम्ही मासे शिकवता ना? मग सांगा, त्यांच्यासाठी काय बांधायचं?"

बंधाऱ्याला माशांसाठी चढ जोडायचा ठरला, पण त्याला गावाची परवानगी मिळवणं हे एक महाभारतच होतं. बंधारा फोडणार, पाणी जाणार, अशी हाकाटी झाली. मिस्त्री ग्रामसभेत उभे राहून म्हणाले, "भिंतीला हात लावणार न्हाई. खालून, सांडव्याच्या कडेला फकस्त चढ बांधणार. भिंतीतून थेंबभर पाणी गेलं तर माझं घर पाडा. मीच बांधलंय, पाडायला लई जड जाईल, पर पाडा." लोक हसले आणि परवानगी मिळाली. उन्हाळ्यात त्यांनी सलीमला हाताशी घेऊन सात पायऱ्या बांधल्या. ओळंबा लावून, नळीनं पाणसळ धरून, प्रत्येक पायरी सारख्या उंचीची. आणि शेवटी घोटाई. मी स्वतः पाहून आले आणि वाहवा करून आले, हे इथं कबूल करते. माझ्या तीस वर्षांच्या शिकवण्याला त्यात काहीही वावगं दिसलं नाही.

पावसाळ्यात चढण लागली तेव्हा आम्ही सगळे काठावर. सांडव्यावरून पाणी आलं ते त्या गुळगुळीत पायऱ्यांवरून चादरीसारखं सरळ खाली. मासे खाली गोळा झाले. उडी मारायचे, पहिल्या पायरीवर पडायचे आणि आमच्या मागच्या दारी मी घसरले होते तसे थेट खाली. एक नाही, दोन नाही, सगळेच. गयाबाई बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "पायऱ्या झ्याक हायेत, भाऊ. पर माशाला पाय कुठं असत्यात?" सगळे हसले. मिस्त्री हसले नाहीत. मी त्यांना घरी सोडायला निघाले तेव्हा गाडीत फक्त एवढंच म्हणाले, "माणसाच्या मापानं बांधलं, बाई. दुसरं कुठलं माप मला येतंच न्हाई." मला त्यांची फार दया आली, आणि माझी स्वतःची लाजही वाटली. फॉर्मॅलिनच्या बरणीतल्या माशाचे मी सगळे पर ओळखत होते, पण मासा ओढा चढतो कसा, हे कधी जाऊन पाहिलं नव्हतं.

मग आम्ही बघायला लागलो. ओढ्याच्या खालच्या अंगाला यंत्र पोचलं नव्हतं, तिथं दगडधोंड्यांतून मासे बिनबोभाट चढत होते. आम्ही दोघं काठावर बसायचो, मी छत्री घेऊन आणि मिस्त्री भाजलेल्या शेंगांची पुडी घेऊन. डॉक्टरांनी छातीच्या दुखण्यामुळं त्यांना बिडी सोडायला लावली होती, त्याच्या बदल्यात या शेंगा. टरफलं ते पाण्यात टाकायचे. एका दुपारी त्यांनी माझा दंड धरला. "बाई, टरफल बघा." टरफल धारेबरोबर सुसाट यायचं आणि एखाद्या दगडाच्या मागं अडकून तिथंच गोल गोल फिरत राहायचं. जिथं टरफल थांबायचं, नेमका तिथंच मासाही थांबलेला दिसायचा. दम खायचा, आणि मग पुढच्या दगडापर्यंत धाव. "म्हंजे चढत न्हाईत हे," मिस्त्री म्हणाले. "बसत बसत जात्यात. तुमी अन् मी दौलताबादच्या किल्ल्यावर गेलतो तसं." त्या दिवशी उरलेल्या सगळ्या शेंगा त्यांनी न खाता, सोलून फक्त टरफलांसाठी वापरल्या. दाणे मला खावे लागले.

दुसऱ्या उन्हाळ्यात त्यांनी आपल्याच घोटाईवर आपल्याच हातानं घण घातला. सलीम पुढं झाला तर त्याला बाजूला सारलं. पायऱ्यांच्या जागी लांबट उतार केला आणि त्यात ओबडधोबड दगड रोवायला घेतले. खरी पंचाईत इथं झाली. मिस्त्रींना वाकडं काम जमेना. दगड विस्कटून लावायचे ठरवून बसायचे आणि तासाभरानं बघावं तर सगळे एका ओळीत. चाळीस वर्षं सरळ धावलेला हात तो, ऐकतो थोडाच. शेवटी गयाबाईला बोलावलं. ती काठीनं जागा दाखवायची, "हितं. न्हाई, जरा तिरपा. अजून तिरपा," आणि मिस्त्री दात-ओठ खात दगड रोवायचे. ओळंबा तिनं काढून घेऊन आपल्या कमरेला खोचला होता. एकदा जेवणाच्या सुट्टीत मिस्त्री हळूच जाऊन चौथा दगड सरळ करताना पकडले गेले. गयाबाई भाकरी हातात घेऊनच धावली. त्या दगडावरून दोघांचं इतकं वाजलं की तो निम्मा वाकडा आणि निम्मा सरळ असाच राहिला. काम संपल्यावर मिस्त्रींनी मला बजावलं, "हे मी केलं म्हणून कुठं सांगू नका. लोक म्हणतील, म्हाताऱ्याचा हात गेला." काठावर करंज, निरगुडी, वाळा लावला, वर यंत्रानं खरवडलेल्या तळात ट्रॉलीभर गोटे परत टाकले. माझा गुडघा तोवर बदलून झाला होता, त्यामुळं ही कामं मी प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून, तोंडानं केली.

त्या पावसाळ्यातली ती दुपार मला आयुष्यभर पुरेल. पूर ओसरला होता, पाणी गढूळ पण समजूतदार झालं होतं. मिस्त्री गुडघाभर पाण्यात उभे, धाप लागलेली, आणि कुणाचं ऐकायला तयार नाहीत. यंदाही नाही जमलं तर पुढच्या उन्हाळ्यात घण उचलायला आपण असू की नाही, हे त्यांना ठाऊक होतं. मलाही होतं. एक मासा पहिल्या दगडामागं शिरला. मिस्त्री पुटपुटायला लागले. "बसला... उठला... बसला..." तिसऱ्या दगडापर्यंत नीट आला. चौथ्याला, त्या भांडणाच्या दगडाला, तो इतका वेळ थांबला की मी खुर्चीचा हात घट्ट धरला. "उठ की रे," मिस्त्री म्हणाले. उठला. पाचवा, सहावा, सातवा, आणि भिंतीच्या वरच्या संथ पाण्यात शेपटीचा एक फटकारा दिसला. "चढला." मागून दुसरा, मग चार-पाच, मग मोजता येईनात. गयाबाईनं कमरेचा ओळंबा काढून त्यांच्या हातात दिला. मिस्त्रींनी डोळे पुसले, मीही पुसले. "बाई," ते म्हणाले, "जिंदगीतलं सगळ्यात वाकडं काम, अन् तेच सगळ्यात कामाचं निघालं."

त्या हिवाळ्यात ते न सांगता गारखेड्यात आले. हातात पिशवी, पिशवीत टाकी आणि हातोडी. मी चहा ठेवेपर्यंत मागून ठक ठक आवाज यायला लागला. जाऊन बघते तर मिस्त्री मागच्या दाराच्या पायरीवर बसून आपल्या बावीस वर्षांच्या घोटाईवर टाचे मारत होते. मध्येच धाप लागली की थांबायचे. मी म्हटलं, "आता काय झालं? तेव्हा तर हातानं होत नव्हतं." ते मान वर न करता म्हणाले, "मासा बोटाएवढा, त्याच्यासाठी केलं. तुम्ही तर चांगल्या मजबूत हाय." मी म्हटलं, "निदान सारख्या अंतरावर तरी मारा." "नक्को," ते म्हणाले, "बिघडंल." तिन्ही पायऱ्या संपवून, दोन कप चहा पिऊन ते बसनं गेले. तीच शेवटची भेट.

परवा सलीमचा फोन आला. मी मागच्या अंगणातून तुळशीला पाणी घालून आत येत होते. "बाई, चढण लागली," तो ओढ्यावरूनच ओरडून सांगत होता, मागं पाण्याचा आणि गयाबाईचा आवाज. "चौथा दगड जागेवर हाय. अब्बांना सांगायचं राहिलं..." मी बरं म्हटलं, फोन पदरात गुंडाळला. पायऱ्या ओल्या होत्या. पहिल्या पायरीवर पाय ठेवला, तळव्याला टाचे लागले. दुसरीवर गुडघा कुरकुरला, म्हणून तिथंच जरा टेकले. भिंतीला हात लावला नव्हता. "बसली..." कानाशी मिस्त्री पुटपुटले. मी पदरानं डोळे पुसले, उठले, आणि चढले.