फिर्यादीत माझं नाव

आमच्या भागात भांडण झालं की काठी कुणी उचलली हे नंतर बघतात. फिर्याद देताना आधी विचार होतो तो समोरच्या घरात नोकरीला लागायच्या बेतात कोण आहे याचा. पोलीसभरतीची तयारी करणारा पोरगा असो, नाहीतर शिक्षिकेची ऑर्डर यायची वाट बघणारी सून असो, त्याचं नाहीतर तिचं नाव वरच्या ओळीत येतं. "नाव घालीन बघ," एवढी धमकी पुरते. हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. तरी माझ्या सख्ख्या काकांनी माझं नाव घातलं तेव्हा मला ते खरं वाटेना.

मी तेव्हा धाराशिवला एका वकिलांच्या हाताखाली काम करत होते आणि खालच्या कोर्टाच्या न्यायाधीशाच्या परीक्षेचा अभ्यास करत होते. गावात त्याला सरळ 'जज्जाची परीक्षा' म्हणत. दिवसभर कोर्टात तारखा घ्यायच्या आणि संध्याकाळी अभ्यासिकेत जाऊन बसायचं. जुने कायदे जाऊन नवे आले, तेव्हा वर्षानुवर्षं घोकलेली कलमं एका झटक्यात वाया गेली. खुनाचं कलमसुद्धा बदललं. अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, हे सांगितलं तर ते म्हणाले, "मंग आता खून केला तर काय लागतंय?" मी नवा आकडा सांगितला. तो काही त्यांना पटला नाही. "तीनशे दोनला वजन होतं," म्हणाले.

एकदा मी पूर्वपरीक्षेत गळले, एकदा मुख्य परीक्षेत, आणि एकदा मुलाखतीपर्यंत जाऊन हात हलवत परत आले. पुढची जाहिरात येईल ती वयाच्या अटीत बसणारी माझी शेवटची. त्यानंतर मी कितीही शहाणी झाले तरी मला अर्ज भरता येणार नव्हता.

आमचं गाव भूम तालुक्यात, ईट गावाच्या जवळ. अण्णांचं आणि काकांचं शेत लागून, विहीर सामाईक. दोघा भावांनी तरुणपणी स्वतः उतरून ती खणलेली. उन्हाळ्यात पाणी तळाला गेलं की पाळीवरून दोघांची तोंडं फिरायची आणि पावसाळ्यात पुन्हा एकमेकांच्या ओट्यावर चहा सुरू व्हायचा. त्या वर्षी मात्र काकांनी द्राक्षबाग लावली आणि त्यांना सगळंच पाणी हवं झालं. मोटार कुणी बंद केली यावरून शब्दाला शब्द लागला, दोघं एकमेकांना भिडले, त्यात काकांचा हात खरचटला. मी त्या वेळी धाराशिवच्या अभ्यासिकेत सरावाचं निकालपत्र लिहीत बसले होते. माझ्या आजूबाजूला खोलीभर लोक होते.

संध्याकाळी अण्णांचा फोन आला. "घाबरू नको. पण तुझं बी नाव हाय."

ठाण्यात गेले तर हवालदारांनी वकीलबाई म्हणून खुर्ची दिली. "मॅडम, फिर्यादी म्हणतोय तुमी होता. आमी काय करावं?" मी फिर्याद वाचली. शेतात घुसणं, मारहाण, शिवीगाळ, धमकी. एक आरोप जास्त नाही, एक कमी नाही. गुन्हा दाखल व्हावा इतपत वजनदार, आणि पुढं तडजोडीत मिटवता यावा इतपत हलका. कुणीतरी जाणकारानं बसून सांगितलेली होती. परीक्षक असते तर चांगले मार्क दिले असते. माझ्या तोंडी जी शिवी घातली होती ती मला येतही नव्हती.

तशीच तणतणत काकांच्या घरी गेले. काका घरी नव्हते, किंवा नसल्याचं सांगितलं. काकूंनी चहा टाकला, कप हातात दिला आणि चुलीकडं तोंड करून म्हणाल्या, "मला काय इचारू नको बाई." लहानपणी याच काकूंनी माझी वेणी घातलेली. मी तो चहा प्यायले. का प्यायले, कुणास ठाऊक.

आमच्या सरांना, म्हणजे ज्यांच्याकडं मी काम करायचे त्या वकिलांना, सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "तू तिथं नव्हतीस हे शाबीत व्हायला काही अडचण नाही. निर्दोष सुटशील. पण कधी, ते मला विचारू नको." अर्जात विचारतात की तुमच्यावर गुन्हा प्रलंबित आहे का. खरं लिहावं तर चारित्र्य पडताळणीत अडकणार, खोटं लिहावं तर कायमचं बाद. खंडपीठात जाऊन गुन्हा रद्द करून घ्यावा तर तिथं नंबर लागेपर्यंत जाहिरात निघून जाणार. हे सगळं मला त्यांनी सांगायच्या आधीच माहीत होतं. कायदा शिकले म्हणून तर मला पक्कं कळत होतं की माझ्या हातात काही नाही. न शिकलेल्या माणसाला निदान आशा तरी असते.

भूमच्या कोर्टात तारखा सुरू झाल्या. पहाटेची एसटी पकडायची, येडशी गेलं, तेरखेडा गेलं, तरी मांडीवरचं पुस्तक त्याच पानावर असायचं. कोर्टात पुकारा झाला की मी काळा कोट काढून हातावर घ्यायची आणि अण्णांच्या शेजारी आरोपी म्हणून उभी राहायची. ओळखीचे वकील मुद्दाम दुसरीकडं बघत. त्यांचा तो भलेपणा मला सहन व्हायचा नाही. पुढची तारीख मिळाली की अण्णा न चुकता विचारायचे, "अभ्यास करायलीस न्हवं?" मी हो म्हणायची. पानं उलटत होते, डोक्यात काही शिरत नव्हतं.

मग एक दिवस आईचा फोन आला. अण्णांनी परस्पर जाऊन विहिरीवरचं हक्कसोडपत्र करून दिलं होतं. नोंदणीही झाली होती. काका आता तडजोडीला तयार होते.

मी गावी जाऊन अण्णांशी भांडले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्यावर आवाज चढवला. "अण्णा, ही खंडणी आहे. तुम्ही कशाला दिली? मला नाही व्हायचं असं जज."

ते बैलाच्या अंगावरच्या गोचिड्या काढत होते. मान वर न करता म्हणाले, "तुला नको आसंल. मला पायजे."



तडजोडीच्या दिवशी काका कोर्टाच्या व्हरांड्यात भेटले. मी तोंड फिरवलं तर तेच जवळ आले. "तुझ्यावर माझा राग न्हाय बाळा. देवाशप्पत न्हाय. तुझं नाव घातल्याबिगर तुझा बाप ऐकला नसता. त्यो मला भीत न्हाय, कुणालाच भीत न्हाय. तुझ्यापायी तेवढा भीतोय." मग डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "आता पास हो. घराण्याचं नाव काढ." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. ढोंग असतं तर चार शब्द सुनावले असते, पण ते मनापासून बोलत होते. मला हात झटकताही आला नाही.

न्यायाधीश बाई माझ्याच वयाच्या, कदाचित एखाद्या वर्षानं लहानच. तडजोडीचा अर्ज त्यांनी पूर्ण वाचला. काकांना विचारलं, मग अण्णांकडं वळल्या. पेन खाली ठेवलं आणि त्यांच्या चेहऱ्याकडं बघत हळू आवाजात म्हणाल्या, "बाबा, हे तुम्ही स्वखुशीनं करताय ना? कुणी दबाव आणला असेल तर सांगा. घाबरू नका."

याहून चांगलं कुणी विचारूच शकलं नसतं. मीही असंच विचारलं असतं.

"स्वखुशीनं, साहेब," अण्णा म्हणाले. "घरचीच मान्सं हाईत."

मग बाईंनी मला विचारलं. एक शब्द बोलले असते तर सगळं बाहेर आलं असतं. पण तडजोड मोडली असती, खटला चालू राहिला असता, आणि विहीर तर गेलेलीच होती. अण्णा माझ्याकडं बघत होते.

"स्वखुशीनं," मी म्हणाले. बाईंनी पेन उचलून तसं लिहून घेतलं आणि आम्हाला निर्दोष सोडलं.

बाहेर आल्यावर अण्णांचा चेहरा कित्येक महिन्यांनी मोकळा दिसला. टोपी झटकून त्यांनी पुन्हा डोक्यावर ठेवली.

"बाई लई चांगली हाय गं. किती मायेनं इचारलं. तू बी जज्ज झालीस की आसंच इचारीत जा."

"व्हय अण्णा," मी म्हणाले.