दोन लिंबं, एक नारळ

बाजाराची पिशवी ओट्यावर रिकामी केली, तशी दोन लिंबं घरंगळत नारळाला जाऊन टेकली आणि मला अकरावीचा वर्ग आठवला.

फळ्यावर संतुलित समीकरण होतं: दोन हायड्रोजन अधिक एक ऑक्सिजन, त्यातून दोन पाणी. चार ग्रॅम हायड्रोजनपासून पाणी किती? मी ते आकडे ग्रॅमचे समजलो आणि लिहिलं, चार ग्रॅम. अशा चुका रोजच्याच झाल्या होत्या. सायन्स सोडण्याचा अर्ज लिहून मी दप्तरात ठेवला होता.

बाईंनी वही पाहिली. "अरे शहाण्या, मग ऑक्सिजन काय हवेत गेला?"

वर्ग हसला. बाई मात्र माझ्या बाकावर टेकल्या. "हे आकडे डझनांचे समज. दोन डझन लिंबं, एक डझन नारळ. आधी मोजायचं, वजन नंतर. आपला रेणूंचा डझन फार मोठा, म्हणून त्याला मोल म्हणायचं."

मी पुन्हा मांडलं. हायड्रोजनचा एक मोल दोन ग्रॅमचा, म्हणजे चार ग्रॅमचे दोन मोल. त्याला ऑक्सिजन एक मोल, बत्तीस ग्रॅम. पाणी दोन मोल, छत्तीस ग्रॅम. चार आणि बत्तीस, छत्तीस! बेरीज जुळली. घरी जाताना मी अर्ज फाडला.

"अहो, नारळ हातात घेऊन काय तोलताय? द्या इकडे," बायको म्हणाली.

मी दिला. बाई माझ्याजवळ बसल्या ती मिनिटं मोजली तर पाचच भरतील. त्यांचं मोल मात्र मला अजून मांडता आलेलं नाही.