गॅलरीची नोटीस

सोसायटीची सेक्रेटरी व्हायची हौस मला कधीच नव्हती. मीटिंगला उशिरा पोचले, तेवढ्यात बाकीच्यांनी माझं नाव लावून टाकलं. घाटकोपरच्या आमच्या जुन्या बिल्डिंगमध्ये गुजराती आहेत, तमिळ आहेत, कोकणातले आहेत, म्हणून नोटीस इंग्रजीतच निघते. त्या आठवड्यात इंजिनिअर सांगून गेला की तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलऱ्या पोखरल्यात, दुरुस्ती होईपर्यंत तिथे कुणी पाय ठेवू नये.

मी लिहायला बसले आणि पहिल्याच ओळीला अडले. ‘शुड’ लिहावं तर तो नुसता सल्ला, सकाळी कोमट पाणी प्या म्हटल्यासारखा. ‘मस्ट’ लिहावं तर काल सेक्रेटरी झाली आणि आज हुकूम सोडायला लागली, असं म्हणायला लोक टपलेलेच. त्यातल्या त्यात ‘हॅड बेटर’ मला गोड वाटलं. मालाडला ऑफिसात असलेल्या लेकीला फोन केला, तर ती म्हणाली, "आई, ती चक्क धमकी आहे गं." माझं डोकंच चालेना. दोन दिवस नुसतं लिहीत आणि खोडत बसले. शेवटी कुणाला लागू नये म्हणून ‘शुड’च ठेवलं, वर ‘काइंडली’ही जोडलं. वॉचमनने वही फिरवली, सगळ्यांच्या सह्या आल्या आणि मी सुटले एकदाची.

दुसऱ्या दिवशी दुपारी भाजी घेऊन येताना सहज वर पाहिलं. तिसऱ्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या मालवणकडच्या काकू गॅलरीत खुर्ची टाकून निवांत लसूण सोलत होत्या. वहीत त्यांची सही तर सगळ्यात वर होती. पिशवी जिन्यातच टाकून मी धावले. बेल ऐकून त्या आत आल्या, दार उघडलं, तेव्हा कुठे माझ्या जिवात जीव आला.

धापा टाकतच मी सगळं सांगितलं. मग सही का केलीत, असं जरा रागानेच विचारलं. वही आली की सही करायची, इतकी वर्षं तेच चालत आलंय, असं त्या म्हणाल्या. इंग्रजी त्यांना वाचताच येत नव्हतं, हे मला माहीत होतं. त्यांनी गॅलरीत हात लांबवून खुर्ची आत ओढली, गॅलरीच्या दाराला कडी लावली आणि माझ्याकडे वळल्या.

"एक जिनो चढान माका तोंडान सांगूक काय झाला गो तुका?"

मी शब्द निवडत होते ते दोन्ही दिवस काकू त्याच गॅलरीत बसल्या होत्या.