किल्लीवाल्याची उलटतपासणी

किल्लीवाल्याचा एकच नियम. घर तुमचंच आहे हे दाखवल्याशिवाय तो कुलपाला हात लावत नाही. एकदा सख्ख्या मेव्हण्याला त्याने अर्धा तास बाहेर ताटकळत ठेवलं. मेव्हणा अजून बोलत नाही, आणि किल्लीवाल्याला त्याचं काडीचंही दुःख नाही.

किल्ल्या कापायचं यंत्र त्याने कर्जावर घेतलं होतं. मग हात मोडला, दुकान दोन महिने बंद राहिलं, हप्ते थकले. एका दुपारी कडक इस्त्रीच्या कपड्यांतला वसुलीवाला दुकानात घुसला.

"आज थकलेले वीस हजार टाका, नाहीतर यंत्र उचलतो. ते नको असेल तर कोऱ्या चेकवर सही करा."

यंत्र गेलं तर चूल बंद. पण किल्लीवाल्याच्या तोंडातून सवयीचाच प्रश्न निघाला, "तुम्ही कोण, आणि कशावरून?"

"कशावरून म्हणजे? कंपनीचा माणूस आहे मी!"

"बंद दारासमोर उभा राहणारा प्रत्येक जण घरमालकच असतो, साहेब. ओळखपत्र दाखवा."

ते निघालं. तरी किल्लीवाल्याने कर्जाच्या कागदावरचा नंबर शोधून त्याच्यादेखत कंपनीला फोन लावला. माणूस खरा होता. थकबाकी मात्र त्याने सांगितली त्याच्या निम्मीच निघाली. वसुलीवाला पंखा न्याहाळू लागला.

"आणि कोरा चेक म्हणजे घराची किल्लीच. ती विसरा."

इथवर झकास. पण जिंकल्याची झिंग चढली आणि किल्लीवाल्याने छाती फुगवली, "दरमहा चार हजार फेकतो!"

मागच्या खोलीतून बायको तरातरा आली. "अहो दानशूर कर्ण! आणि घरभाडं कोण फेकणार?" मग वसुलीवाल्याकडे वळून ती म्हणाली, "दादा, दीड हजार. पण दर महिन्याला, न चुकता."

"वर विचारावं लागेल, ताई."

"विचारा की. उत्तर मात्र कंपनीच्या कागदावर आणा. पैसे त्यानंतर, आणि तेही कंपनीच्याच खात्यात. आणि पुन्हा आवाज चढवलात तर तक्रारही कागदावरच जाईल."

चौथ्या दिवशी पत्र आलं. दीड हजार मंजूर, यंत्र दुकानातच राहणार. किल्लीवाल्याने ते तीनदा वाचलं, मग पहिला हप्ता भरून पावती पत्रासोबत नीट ठेवली.

"देवाने तुम्हाला संशय भरभरून दिला, ते बरंच झालं," बायको म्हणाली. "अक्कल तेवढी माझ्याकडे सांभाळायला ठेवली."