रिमला राख

सायकल समोर आली की तो माणसाकडे बघायचाच नाही. आधी खाली बसायचा, पुढचं चाक उचलून फिरवायचा, फिरत्या रिमवर अंगठा टेकवायचा आणि तो अंगठा नाकाशी नेऊन हुंगायचा. "करडई," म्हणायचा. नाहीतर "जवस." एकदा एकाला म्हणाला, "खोबरेल! बायकूच्या डोक्याचं आणलास का रं?" मग वर बघून ओरडायला सुरुवात करायचा. समोर नवखा आहे की रोजचा, याचा काही विधिनिषेध नव्हता.

राग आला की तो एकच गोष्ट तीन भाषांत सांगे. "एण्णी ब्याड! तेल नगं! तेल नक्को!" कानडी, मराठी, दखनी. या तिन्हींतली एकही न कळणारा माणूस आमच्या हळ्ळीखेडात नव्हता, तेव्हा कळलं नाही अशी सबब कुणालाच नव्हती. तरी लोक रिमला तेल लावायचेच. आज इतक्या वर्षांनी लिहितानाही माझं डोकं तापतं, कारण त्या लोकांत मीही होतो.

गाव त्याला अण्णा म्हणे. निजामाचा अंमल जाऊन दोन-तीन वर्षं झाली होती. शाळेत उर्दू मागे पडून मराठी आली, म्हणून माझ्यासारख्याला मास्तरकी मिळाली. राहायला हळ्ळीखेड आणि शाळा ओढ्यापलीकडच्या वाडीत. वेशीबाहेर रस्ता ओढ्यात उतरे. तांबड्या मुरुमाचा तो उतार चांगलाच उभा होता. उताराच्या तोंडाशी, बाभळीखाली, अण्णाचं पत्र्याचं दुकान. दुकान कसलं, एक हत्यारांची पेटी, पंक्चर बघायची पाण्याची थाळी, एक पंप आणि राखेचं पोतं.

ते पोतं बघून मी पहिल्या दिवशी हसलो होतो. "अण्णा, भांडी घासता काय?"

"मास्तर, कपाळाला इभूत, रिमला राख," तो म्हणाला. "तेल फकस्त चेनीला." त्याच्या कपाळावर विभूतीचे तीन पट्टे असत, गळ्यात लिंग असे. माणूस पक्का भाविक होता, हे लक्षात ठेवा.

त्याचं रिम पुसणं तुम्ही बघायला हवं होतं. आधी घासलेटच्या चिंधीने काळा मळ सोडवायचा. बाकीचे मिस्त्री इथेच थांबत, आणि त्यावर त्याचा वेगळा राग. "घासलेट बी तेलच की रं! चोराला हाकलाया दुसरा चोर!" मग गोवऱ्यांची चाळलेली राख कोरडीच चोळायची. राख तेल पिऊन काळी पडली की झटकायची, पुन्हा नवी घ्यायची. मग रिठ्याचं पाणी, मग जुन्या धोतराचं कोरडं फडकं. ब्रेकची रबरं काढून खरबरीत दगडावर घासायची, त्यांची तकाकी जाईपर्यंत. चेनीला मात्र कावळ्याच्या पिसाने एका कडीला एक थेंब, तोही खाली कागद धरून, चुकून रिमवर पडेल म्हणून. सगळं झालं की स्वतः सायकलवर बसून उतारावर चार हात जायचा आणि ब्रेक दाबायचा. कर्र असा आवाज आला की त्याचा चेहरा सैल पडे. "बोलायली बग," म्हणायचा. त्या वेळी तो मला फार आवडायचा.

आता लोक तेल का लावत ते सांगतो. खंडेनवमीला घरातली हत्यारं पुजतात. विळ्याला, नांगराच्या फाळाला तेलाचा हात फिरवतात. मग ज्याच्या घरी सायकल, तो तिला धुई, हळदकुंकू लावी, झेंडूची माळ घाली आणि करडईच्या तेलाचा बोळा फिरवून रिममध्ये तोंड दिसेल अशी चमक आणी. दुसऱ्या दिवशी दसरा. दुपारी सगळं गाव सीमोल्लंघनाला ओढ्यापलीकडच्या बन्नीच्या, म्हणजे शमीच्या, झाडाकडे निघे, आणि सायकलवाले सगळ्यांच्या पुढे, त्याच उतारावरून. वर्षातून ज्या दिवशी एकाही सायकलचा ब्रेक लागायचा नाही, नेमक्या त्याच दिवशी सगळ्या सायकली एकदम उतारावर! दरसाल दोघे-चौघे ओढ्यात पडत. एकाचा हात कायमचा वाकडा झाला होता. गाव ते हसण्यावारी नेई.

माझ्या तिथल्या दुसऱ्या दसऱ्याला अण्णाचा धीर सुटला. नवमीच्या संध्याकाळी गावातल्या बड्या आडत्याची सायकल पूजा होऊन आडतीबाहेर उभी होती. अण्णाने कुणाला न विचारता तिच्या दोन्ही रिम राखेने कोरड्या केल्या. तेल गेलं आणि त्याबरोबर कुंकूही गेलं.

दसऱ्याला सकाळी आडतीच्या ओट्यावर माणसं जमली. शेट लालबुंद झाले होते. "ऐन सणाचं कुंकू पुसलंय ह्यानं! वर इभूत लावून हिंडायलाय!"

अण्णाने मान खाली घातली नाही. "कुंकू हँडलला लावा, शेट. घंटीला लावा. माझ्या टकुऱ्याला लावा. पर रिमला तेल नगं. आज समदं गाव उतारानं जायलंय."

"आजवर तेलानं कोण मेलंय रं?" म्हणून शेट माझ्याकडे वळले. "मास्तर, तुमी शिकल्याले. तुमीच सांगा."

मला उत्तर माहीत होतं. तेलकट रिमवरून रबर कसं घसरतं, ते दोनच दिवसांपूर्वी मी अण्णाजवळ उकिडवा बसून पाहिलं होतं. पण शाळेला छप्पर शेटनी दिलेलं, समोर सगळं गाव, आणि मी नवा. मी म्हणालो, "सणाचं आहे, थोडं तेल चालायचंच."

लोक हसले. यापुढे गावातली एकही सायकल अण्णाकडे जाणार नाही, असं शेटनी तिथल्या तिथे ठरवून टाकलं. अण्णाने माझ्याकडे एकदा बघितलं आणि तो निघून गेला. त्याने मला तिन्ही भाषांत शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुपारी वाजतगाजत गाव निघालं, तेव्हा उताराच्या तोंडाशी अण्णा पोतं घेऊन उभा. सायकलीला कुणी हात लावू देईना, म्हणून तो येणाऱ्या प्रत्येक चाकावर मुठी भरभरून राख फेकत होता. "एण्णी ब्याड! तेल नगं! तेल नक्को!" नव्या धोतरांवर राख, झेंडूवर राख. लोक शिव्या देत, ठसकत, हसत पुढे जात होते. त्या राखेनेच त्या दिवशी कित्येकांचे ब्रेक लागले, हे गावाने कधीच कबूल केलं नाही.

माझी सायकल बायकोने पुजली होती. "आपल्या पोटापाण्याची हाय ती," म्हणत तिने मनापासून तेल चोपडलं होतं. ओट्यावर तसं बोलून बसल्यावर मी ते कोणत्या तोंडाने पुसणार होतो?

"मास्तर, उतर!" अण्णा ओरडला. एरवी मला अहो-जाहो करणारा माणूस. माझ्या मागे शेट होते, दोन्ही बाजूंना गाव. मी उतरलो नाही. त्याने फेकलेली मूठसुद्धा हँडल वळवून चुकवली.

थोडा खाली गेल्यावर ब्रेक दाबला. ब्रेकच्या दांड्या खडखडल्या आणि रबरं नुसतीच घसरत राहिली. खाली ओढ्याच्या तोंडाशी एक बैलगाडी आडवी झालेली, गाडीत बायका आणि लेकरं. एवढ्यात मागून कॅरिअरला हिसका बसला. मी पुढे जाताच अण्णा माझ्यामागे धावत सुटला असणार. कॅरिअर धरून तो पडला, पण हात सोडला नाही. मुरुमावरून आम्ही दोघे फरफटत गेलो आणि गाडीपासून हातभर अंतरावर सायकल आडवी झाली.

मला खरचटलं. त्याचा उजवा पाय गुडघ्यातून भलतीकडे वळला होता. तो किंचाळला नाही. पडल्यापडल्या हात लांब करून त्याने अजून फिरणाऱ्या चाकावर अंगठा टेकवला आणि नाकाशी नेला.

"करडई," तो म्हणाला. मग माझ्याकडे बघून विचारलं, "कामून उतरला न्हाईस?"

त्याला बिदरच्या दवाखान्यात नेलं. तिथून त्याची बहीण त्याला गुलबर्ग्याकडच्या आपल्या गावी घेऊन गेली. पाय राहिला, पण उभं राहणं गेलं, असं कळत होतं. भेटायला जायचं म्हणून मी दोनदा निघालो आणि दोनदा हुमनाबादेहून परत फिरलो. का उतरला नाहीस, हे तो पुन्हा विचारेल याची भीती वाटायची. पुढच्या श्रावणात तो गेल्याची खबर आली.

खबर आली तेव्हा मी आडतीच्या ओट्यावरच होतो. "लई तापट होता," कुणी म्हणालं. शेट म्हणाले, "पुजल्यालं पुसलं, देवानं दावलं." ते ऐकून माझं मस्तक फिरलं. "देवाने नाही, मी मोडला त्याचा पाय!" मी ओरडलो. "तेलाने ब्रेक लागत नाही हे मला ठाऊक होतं. याच ओट्यावर मी खोटं बोललो आणि तुम्ही सगळे हसलात." शेट म्हणाले, "जाऊ द्या, मास्तर. झालं ते झालं." असं म्हणायला यांचं काय गेलं होतं?

त्या वर्षीच्या दसऱ्याला उताराच्या तोंडाशी मी बसलो. दुकानाचा पत्रा कुणीतरी उचलून नेला होता. राखेचं पोतं तेवढं बाभळीखाली पडलेलं, पावसाने आत दगड झालेला. मी घरून नवी राख आणली होती. बायकोनेच चाळून दिली होती.

पहिली सायकल शेटचीच आली. मी रस्त्यात आडवा उभा राहिलो. "शेट, उतरा."

"कामून?"

मी बाजूला झालो नाही. शेट उतरले. मी खाली बसलो, चाक फिरवलं, रिमवर अंगठा टेकवला आणि नाकाशी नेला. तेल होतं एवढं कळलं. करडई की जवस, ते मात्र ओळखेना. पुन्हा हुंगलं, तरी ओळखेना. मागे सायकलींची रांग वाढत होती, आणि ज्याला विचारावं तो गुलबर्ग्याकडे मातीत होता.